ज्या चित्रांत धूर नव्हता

वर्ध्याला जाण्याचं मला एकच कारण होतं, आणि ते म्हणजे माझ्या हातून झालेली चूक. एरवी जतसारख्या दुष्काळी तालुक्यातली मी एवढ्या लांब विदर्भात कधी गेले असते असं वाटत नाही. आता परत येऊन महिना झाला आहे. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी, आणि थोडं माझ्या स्वतःसाठीही, हे लिहिते आहे.

आमच्या घरात पहिली पदवी माझी. वडील मेंढरं राखायचे, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. शाळेत मला शुद्धलेखनात पैकीच्या पैकी गुण मिळत. घरी आई ‘बांदावर’ म्हणाली की मी ‘बांधावर म्हण’ असं टोकायचे. ती हसायची. आपल्या लेकीला बरोबर काय ते कळतं याचं तिला कौतुक होतं, आणि मलाही. त्याच कौतुकाच्या जोरावर मी शिकले, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले, आणि सुटीच्या दिवशी पुण्यातल्या एका लहान कलासंस्थेच्या पुस्तिका तपासून देऊ लागले.

संस्थेनं पंचफुला थूल या चित्रकार बाईंची पुस्तिका काढायचं ठरवलं. वर्धा जिल्ह्यातली शेतं आणि टेकड्या त्यांनी चाळीस-पन्नास वर्षं जलरंगात रंगवल्या होत्या. चित्रं एकोणीस. एक सोडून प्रत्येकाच्या मागं बाईंच्या सुरेख अक्षरात पेन्सिलीनं ओळ लिहिलेली होती. त्यांच्या भाचीनं, संगीतानं, त्या मागच्या बाजूंचे फोटो पाठवले होते. ‘शेवंताबाईच्या धुऱ्यावरून, केळझर.’ ‘कासाबाईच्या धुऱ्यावरून.’ ‘धुऱ्यावरून, सकाळ.’ आता धुऱ्यावरून म्हणजे काय? मला वाटलं, बाईंचं लिहिताना चुकलंय. मी सगळीकडे ‘धुरातून’ केलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण प्रस्तावनेत मी स्वतःहून एक परिच्छेदही घातला. ग्रामीण बाईच्या चुलीचा धूर आणि त्यातून दिसणारा निसर्ग, असं बरंच काही. संस्थेतल्या लोकांना तो फार आवडला.

पुस्तिका छापून वर्ध्याला गेली आणि आठवड्यात पत्र आलं. तीनच वाक्यं होती: माझ्या एकाही चित्रात धूर नाही. असल्यास येऊन दाखवावा. तोपर्यंत चित्रे लावू नयेत.

महिन्याभरात वर्ध्यातच त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं होतं. मी घाबरून संगीताला फोन केला. ती रागावली नाही, पण जे बोलली ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. “आत्याच्या डोळ्याले काचबिंदू हाय, मॅडम. बाजूचं दिसनं बंद झालं. उन्हाळ्यापर्यंत नजर किती राहीन, डॉक्टर सांगत नाई. एकोणीस चित्रं एका भिंतीवर तिनं जिंदगीत कधी पाह्यली नाई. तेवढी पाह्यची होती तिले.”

म्हणजे माझ्या एका ‘दुरुस्ती’मुळे त्या बाईंचं ते पाहणं राहून जाणार होतं. मी चार दिवसांची रजा टाकली.

बोरगाव मेघे

वर्धा शहराला लागूनच बोरगाव मेघे आहे. सरळ गल्ल्या, निवृत्त मास्तरांची आणि कारकुनांची घरं, दारात कढीपत्ता आणि पपई. पंचफुलाताईंचं घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाचा फोटो, एक घड्याळ, आणि बाकी भिंत रिकामी. चित्रकाराच्या घरात एकही चित्र नाही याचं मला नवल वाटलं. नंतर कळलं, चित्रं लोखंडी पेटीत असतात. उन्हानं रंग उडतो म्हणून.

ताई सत्तरीच्या पुढच्या. बारीक, काळ्यासावळ्या, पांढरे केस घट्ट बांधलेले. बघायची त्यांची एक वेगळीच तऱ्हा होती. डोळा फिरवायच्या ऐवजी आख्खी मान वळवायच्या, पाखरासारखी. त्यांना आधी माझे पाय दिसले असावेत, मग पिशवी, मग तोंड.

“तूच का ते?”

“हो. मीच.”

“बस. संगीता चहा मांडते. गॅसवर. धूर नाई होत आमच्या इथं.”

मी बसले. आमच्याकडे चहा ‘ठेवतात’, इथे ‘मांडतात’ हे त्या स्थितीतही माझ्या लक्षात राहिलं. सवय काही सुटत नाही.

“संगीता,” ताई म्हणाल्या, “तो परिच्छेद वाच. तिच्या तोंडासमोर वाच.”

संगीता तहसील कचेरीत लिपिक आहे. सरकारी कागद वाचतात तसा तिनं एका सुरात तो परिच्छेद वाचला. चूल आली, धूर आला, धुराचा गंध आला. मला माझे शब्द ऐकवेनात.

“शेवंताबाईनं हे ऐकलं तर म्हणन, माय, मी काय रेल्वेचं इंजन हाव?” ताई म्हणाल्या. संगीता फिसकन हसली. ताई हसल्या नाहीत.

“ताई, मला तो शब्द माहीत नव्हता,” मी म्हणाले. “मला वाटलं, तुमच्याकडून लिहिताना चूक झाली.”

“तीस वर्सं मास्तरकी केली मी. ड्रॉइंगचा तास असला तरी फळ्यावर रोज तारीख लिहिली, सुविचार लिहिला. पोरांच्या चुका काढल्या. आन माहाच शब्द मी चुकवीन?” त्यांनी मान माझ्याकडे वळवली. “तुले विचारावंसं काऊन नाई वाटलं? फोन होता ना संगीताचा?”

विचारायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं. चूक खेड्यातल्या माणसाची असणार हे मी, एका खेडवळ आईची मुलगी, धरूनच चालले होते.

शेवटी संगीतानंच सांगितलं. “दोन वावरांच्या मधात नांगर न घालता पट्टी सोडतात ना, गवताची, तो धुरा.”

“म्हणजे बांध!”

“तुमच्या इकडं बांध असन. इकडं धुरा.”

मला रडू आलं. बांध मला माहीत नव्हता का? माझ्या आईचं निम्मं आयुष्य बांधावर बसून भाकरी खाण्यात गेलं आहे. दुसऱ्याच्या रानात मजुरांनी बसायची जागा तीच.

“मी सगळं बदलून देते ताई. दुसरी छपाई व्हायची आहे, त्यात—”

“शब्द बदलशील. मग पुन्हा परिच्छेद लिहिशील,” त्या म्हणाल्या. “असं नाई. आधी धुरे पाह्य. सगळे नको, दोन पाह्य. केळझरचा आन आष्टीचा. धुऱ्यावर उभी राह्यजो, वावरात पाय नको देऊ. मग येऊन सांगजो तुले काय दिसलं. त्याच्यावर ठरवीन चित्रं लावाची का नाई.”

दुपारी त्यांनी पेटी उघडली आणि एकेक चित्र मांडीवर घेऊन दाखवलं. छापलेल्या पानावर मला न दिसलेलं बरंच काही दिसलं. काळी माती त्यांच्या चित्रात कधीच काळी नव्हती. ओली असेल तिथे जांभळी, उन्हात तापलेली तिथे वांग्याच्या देठासारखी, सांजेला निळी. “नळीतला काळा रंग मी आणलाच नाई कधी,” त्या म्हणाल्या. प्रत्येक चित्रात खालच्या कडेपासून गवताची एक पट्टी निघून मधोमध वर टेकडीकडे जात होती. दोन्ही बाजूंना शेतं. कुठे पऱ्हाटी म्हणजे कपाशी, कुठे तूर, कुठे नुसती नांगरट. माणूस एकाही चित्रात नव्हता.

त्यांची हकिकत जेवताना थोडी त्यांनी, थोडी संगीतानं सांगितली. जन्म आष्टीजवळच्या खेड्यातला. वडील सालदार, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर एका शेतकऱ्याकडे बांधलेले. आई कापूस वेचायला जायची. स्वतःचं वीतभर वावर नाही. शाळेतल्या एका गुरुजींनी रंगाची डबी दिली आणि तिथून सुरू झालं. नागपूरला खोली करून चार मुलींबरोबर राहून चित्रकला शिक्षकाची पदविका केली. घराण्यात पहिलं प्रमाणपत्र ते. मग शाळेची नोकरी. आठवडाभर मुलांकडून फुलदाण्या आणि कुंड्या काढून घ्यायच्या, आणि रविवारी पाण्याचा गडवा, पाटी आणि रंग घेऊन एसटीनं निघायचं. लग्न केलं नाही. “माहेर-सासर दोन्ही दुसऱ्याची वावरं झाली असती,” एवढंच त्या म्हणाल्या. मला ते तेव्हा कळलं नाही.

“नागपूरले एकडाव चित्रं पाठवली होती प्रदर्शनाले,” त्यांनी सांगितलं. “परत आली.”

“का?”

“ते आष्टीहून आल्यावर सांगीन.”

केळझर

दुसऱ्या दिवशी रविवार होता. संगीतानं स्कूटी काढली. केळझरला टेकडीवर गणपतीचं जुनं देऊळ आहे. “तुम्ही जाऊन या, मी चहा घेते,” म्हणून ती खाली टपरीवर थांबली. मी वर जाऊन हात जोडून आले. वरून दिसतं ते मात्र सांगायला हवं. आमच्या जतकडे माळावर उभं राहिलं की जमीन करपलेली दिसते, डोळ्याला टेकायला जागा नसते. इथे जानेवारीतही तुरी उभ्या, हरभरा हिरवागार, कपाशीवर शेवटची पांढरी बोंडं, मागे सागाचं निळसर जंगल. या मातीचा मला हेवा वाटला.

शेवंताबाईंचं वावर गावापासून पायी वीस मिनिटांवर आहे. शेवंताबाई पंचफुलाताईंपेक्षा वयानं थोड्या लहान, अंगानं भरलेल्या, आवाज सगळ्या शिवारात ऐकू जाईल असा. संगीतानं त्यांना माझी ओळख करून दिली ती अशी: “हे मॅडम, मावशी. तुमचा धूर काढनारी.”

“तूच का व?” त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “पाह्य, पाह्य. निघून राह्यला का धूर कुठून?”

मी हात जोडले. त्या मोठ्यानं हसल्या आणि माझा हात धरून मला धुऱ्याकडे घेऊन गेल्या.

धुरा दीड-दोन हात रुंद. वाळलेलं गवत, एक बोरीचं झाड, एक पळस. एका बाजूला शेवंताबाईंचा हरभरा, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची तूर. बोरं ज्याच्या बाजूला पडतील ती त्याची, असा रिवाज. मी फोनवर ताईंचं चित्र उघडलं, आणि ते टेकडीशी जुळवायला म्हणून मागे सरकले.

“अव! पाय! हरबऱ्यात पाय नको देऊ!”

मी दचकून वळले आणि आख्खीच हरभऱ्यात बसले. पाच-सहा झाडं आडवी. पानांवरच्या आंबेनं, त्या आंबट दवानं, साडीची किनार ओली झाली, हाताला चुणचुण. शेवंताबाईंनी मला दंडाला धरून उठवलं. “थूल मॅडम तीस वर्सं येऊन राह्यल्या इथं,” त्या म्हणाल्या. “एक झाड मोडलं नाई त्याईनं.”

मग मी धुऱ्यावर नीट उभी राहिले. पाय जवळजवळ, हात अंगाशी. आणि तेव्हा चित्र दिसलं. पायाखालची पट्टी सरळ पुढे जात टेकडीला भिडत होती, अगदी कागदावर होती तशी. मी पुस्तिकेत तिला ‘मध्यवर्ती रेषेची ठाम रचना’ असं म्हटलं होतं. ती रेषा म्हणजे ताईंना उभं राहता येईल तेवढी जागा होती.

“मावशी, त्या शेतात का बसत नव्हत्या? तुम्ही नको म्हणत होता का?”

“मी काऊन नको म्हणू? माळा हाय, सावली हाय, म्हटलं तिथं बस. खाट टाकून देतो म्हटलं. नाई. धुऱ्यावरच. मलेबी एक चित्र देलं त्याईनं. घरात लावलं हाय, चाल दाखवतो.” थोड्या वेळानं त्या स्वतःच हळू आवाजात म्हणाल्या, “एकडाव मी लई धरलं तर म्हणे, शेवंता, धुऱ्यावरून कोनी उठवत नाई. बस. पुढं मी विचारलं नाई.”

त्यांच्या घरी तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून मोठ्या परातीत ठेवल्या होत्या. आमच्याकडे हुरडा खातात तसं इथे सगळे भोवती बसून शेंगा सोलतात, आणि बोलणं आपोआप सुरू राहतं. मग ओल्या तुरीचे दाणे घातलेली वांग्याची भाजी आणि भाकरी. भाजी इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. “आता हाय धूर,” शेवंताबाई म्हणाल्या, “कानातून निघून राह्यला.” चित्र चुलीच्या खोलीत नव्हतं. बाहेरच्या खोलीत, नातवाच्या लग्नाच्या फोटोशेजारी, काचेत होतं. काच स्वच्छ पुसलेली.

आष्टी

आष्टीला मी एकटी गेले, कारण संगीताला कचेरी होती. बाजाराचा दिवस होता. बेचाळीसच्या आंदोलनासाठी हे गाव ओळखलं जातं. शाळेच्या इतिहासात मी ते पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, पण गाव कुठे आहे हे नकाशात कधी पाहिलं नव्हतं. आता त्या गावाच्या बाजारात संत्री, लसूण, दोरखंड आणि प्लास्टिकच्या घागरींच्या मधून वाट काढत मी संगीतानं नाव सांगितलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला शोधत होते.

गुलाबराव मला चहाच्या दुकानासमोर भेटले. पांढरा पायजमा-सदरा, डोक्याला रुमाल, गुडघे दुखत असल्यानं काठी. पंचफुलाताईंचे वडील यांच्या वडिलांकडे सालदार होते. एकोणीस चित्रांतलं पहिलं चित्र यांच्या शेताजवळ काढलेलं. त्या एकाच चित्राच्या मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. मी पुस्तिकेत त्याला ‘शीर्षक नाही’ म्हटलं होतं.

“पंचफुला?” रिक्षात बसता बसता ते म्हणाले. “आमच्याच वर्गात होती व ते. सातवीपर्यंत. मी नापास झालो, ते पुढं गेली.”

शेतात पोहोचलो तर शेत नव्हतं, संत्र्याची बाग होती. झाडं ओळीनं उभी, मृगाच्या बहाराची फळं अजून हिरवट-पिवळी. मी धुरा शोधत इकडे-तिकडे पाहू लागले.

“धुरा नाई आता,” गुलाबराव म्हणाले. “बाजूचं वावर आम्हीच घेतलं. मग धुरा कायले ठेवता? ट्रॅक्टर फिरवला. पळस होता, तोबी तोडला.”

ताईंनी मला धुऱ्यावर उभं राहायला सांगितलं होतं. धुराच नसेल तर मी त्यांना काय सांगू?

गुलाबराव काठी टेकत आत शिरले, मी मागून. बऱ्याच आत गेल्यावर ते थांबले. “हे ओळ पाह्य. बाकीच्या ओळीपेक्षा हातभर सरकलेली दिसते ना? खालची माती कडक होती. खड्डे नीट पडले नाई. तोच धुरा.”

मी त्या ओळीत उभी राहिले. फांद्या बाजूला केल्यावर टेकडी दिसली. फोनवरच्या चित्रातली टेकडी तीच होती. माथ्यावरची खाचसुद्धा तीच. गुलाबरावांनी फोन हातात घेऊन चित्र पुष्कळ वेळ पाहिलं.

“पळस बरोबर काढला तिनं,” ते म्हणाले. मग मी न विचारताच बोलू लागले.

“शाळा सुटल्यावर पंचफुला पळसापाशी आमच्या वावरात बसून चित्र काढून राह्यली होती. माह्या बापानं पाह्यलं. म्हणे, सालदाराची पोरगी, माह्या वावरात बसून काय करून राह्यली? ऊठ! लई बोलला. जातीवरूनबी बोलला, खोटं काऊन सांगू. ते उठली. कागद उचलला, डबी उचलली, आन दहा पावलं चालून धुऱ्यावर जाऊन बसली. बाप म्हणे, तिथूनबी ऊठ.”

“मग?”

“मग ते म्हणे, हा धुरा तुमचा हाय का मालक? मग कोर्टात काऊन जाता?” गुलाबरावांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांनीही आश्चर्य दिसत होतं. “धुऱ्याची केस चालू होती न आमची! आम्ही म्हणू आमचा, शेजारी म्हणे त्याचा. शेजाऱ्याची माणसं तिकडून पाहून राह्यली होती, ते हासली. बाप गप. किती वर्सं चालली ते केस. तोपर्यंत तिथं ना आमचा वखर, ना त्याईचा. फकस्त पंचफुला.”

“तुम्ही कुठे होता तेव्हा?”

त्यांनी काठीनं माती टोकरली. “इथंच. बैल धरून उभा. हासलोबी नाई, बोललोबी नाई.”

बागेतून बाहेर येताना त्यांनी दोन संत्री तोडून माझ्या हातात दिली. “कच्ची हायेत. आंबट लागतीन. तिले देजो. आन म्हणजो, गुलाब म्हणे, ये एकडाव. बागेत बस. कडेले नाई, मधात बस. कोनी ऊठ म्हणनार नाई.”

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते. बाहेर एकामागून एक धुरे मागे पडत होते. इतक्या वर्षांत बसमधून मी पिकं पाहिली, डोंगर पाहिले, बांध कधी पाहिले नव्हते. मला आईची फार आठवण आली. फोन लावला. ती म्हणाली, “आत्ताच आलीया, बांदावरनं.” मी तिला टोकलं नाही. नुसतं “हूं” म्हणाले.

पुन्हा बोरगाव मेघे

सकाळी गेले तेव्हा ताई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. संगीता कचेरीला निघायच्या तयारीत होती, पण माझं ऐकायला दारात थांबली. मी सगळं क्रमानं सांगितलं. हरभऱ्यात पडले तेही सांगितलं. ताईंनी विचारलं, “किती झाडं मोडली?” मी म्हणाले, “पाच-सहा.” त्यांनी मान हलवली, जशी परीक्षेत गुण कापताना हलवतात.

मग मी म्हणाले, “ताई, चित्रातली मधली पट्टी म्हणजे तुमची उभी राहायची जागा आहे. मला ते तिथे उभी राहीपर्यंत कळलं नव्हतं.”

त्यांनी पाय उन्हात लांब केले. “नागपूरचे परीक्षक म्हणे, बाई, हात चांगला हाय तुमचा, पण प्रत्येक चित्रात तेच ते. मधात रेघ. जरा बाजूले सरकून बसत जा.” त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “बाजूले म्हणजे कुठं? बाजूले कोनाचं न कोनाचं वावर हाय. मी काई बोलली नाई. चित्रं घेऊन आली, आन पुन्हा पाठवली नाई.”

संगीता दारातच खाली बसली.

“आता डोळ्याचंबी तसंच झालं पाह्य,” ताई म्हणाल्या. “दोन्हीकडची वावरं गेली. मधला धुरा राह्यला.”

त्यांनी हे आवाज जराही न बदलता सांगितलं. मी पिशवीतून दोन संत्री काढून त्यांच्या हातात दिली आणि गुलाबरावांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. बैल धरून उभा होतो, हेही.

त्यांनी एक संत्रं नाकाशी नेलं. सोललं नाही. “पांढरा बैल होता,” त्या म्हणाल्या. “डाव्या अंगाचा. गुलाब त्याच्या मागं तोंड लपवून राह्यला होता. मले वाटे, तो हासते.” मग संत्रं हातात फिरवत, “हासत नव्हता म्हणते?”

“नाही म्हणाले.”

“धुरा नाई राह्यला तिथं?”

“नाही ताई. एक ओळ हातभर सरकलेली आहे. तिथे होता म्हणाले.”

“हातभर,” त्या म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हातांची बोटं समोर धरून तेवढं अंतर मोजलं, अगदी डोळ्यांच्या मधोमध.

“त्यांना काय सांगू? याल का तुम्ही?”

“पाहू. आधी चित्रं तर लागू दे.”

संगीतानं माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला. ताईंनी पेटी आणायला सांगितली. चित्रं एकेक काढून मी मागची ओळ मोठ्यानं वाचायची आणि वहीत उतरवून घ्यायची, असं ठरलं. शेवंताबाईच्या धुऱ्यावरून. कासाबाईच्या धुऱ्यावरून. ‘धुऱ्यावरून’ हा शब्द मी अठरा वेळा लिहिला. शाळेत चुकलेला शब्द लिहायला लावत तसा. शेवटी पहिलं चित्र राहिलं, आष्टीचं. त्याची पाठ कोरी होती.

“याच्या मागे का नाही लिहिलं ताई?”

“कोनाचं नाव लिहू? केस चालू होती ना,” त्या म्हणाल्या, आणि या तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. “त्याचं लिहिलं तर शेजारी म्हणन साक्ष दिली.”

“मग तसंच कोरं ठेवायचं?”

त्यांनी चित्र हातात घेतलं, सरळ डोळ्यांसमोर धरलं. पळस पाहिला, टेकडीवरची खाच पाहिली. मग उलटं करून माझ्या मांडीवर ठेवलं आणि पेन्सिल पुढे केली.

“आता तो धुरा त्याचाबी नाई, शेजाऱ्याचाबी नाई. राह्यलाच नाई. मग माहा म्हणायले कोन येते आडवं? लिही. माह्या धुऱ्यावरून. आष्टी.”

मी पेन्सिल कागदावर टेकवली आणि थांबले. त्यांच्या पत्रात ‘माझ्या’ होतं. शुद्ध, शाळेत शिकवतात तसं. आता मी विचारलं.

“ताई, माह्या लिहू की माझ्या?”

“तुले काय ऐकू आलं?”

मी ऐकू आलं ते लिहिलं. त्यांनी कागद जवळ ओढला, मान सरळ ठेवून एकेक अक्षर वाचलं, माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि ओळीच्या शेवटी, मास्तर करतात तशी, बरोबरची खूण केली.